छोट्या बाष्पकाचे प्रामाण्य

बंद भांड्यात पाणी तापवून वाफेचा दाब साठवणाऱ्या साधनाला बाष्पक म्हणतात, व्यवहारात बॉयलर. आणि आगगाडीच्या इंजिनाची हुबेहूब लहान प्रतिकृती घरच्या लेथवर घडवून ती खऱ्या कोळशावर व खऱ्या वाफेवर चालवण्याचा जो छंद ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजला, त्याच्या केंद्रस्थानी असे एक हातभर लांबीचे तांब्याचे बाष्पक असते. १८९८ मध्ये पर्सिव्हल मार्शल यांनी ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक सुरू केले, तेव्हापासून या छंदाभोवती साहित्य जमत गेले, गावोगावी मंडळे निघाली आणि कालांतराने या मंडळांच्या महासंघांनी मिळून स्वतःची तपासणी-संहिताही तयार केली. ही संहिता वरवर पाहता यंत्रशास्त्राची बाब आहे. परंतु तिच्या कलमांमागे ज्ञानमीमांसेतला, म्हणजे ज्ञान कशाला म्हणावे आणि ते खरे कशावरून ठरते याचा विचार करणाऱ्या शास्त्रातला, एक जुना प्रश्न उभा आहे. ‘हे बाष्पक सुरक्षित आहे’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाला, कशाच्या बळावर आणि किती काळापुरता पोचतो, हा तो प्रश्न होय.

महाराष्ट्रातल्या जुन्या घरांतला तांब्याचा बंब ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या बाष्पकाची रचना समजायला वेळ लागणार नाही. बंबात मधोमध विस्तवाची नळी असते, तिच्याभोवती पाणी असते, आणि झाकण नुसते वर ठेवलेले असल्यामुळे पाणी कितीही खळखळले तरी दाब साठत नाही. छोट्या बाष्पकात हीच मांडणी आडवी होते: मागच्या बाजूला कोळशाची अग्निपेटी, तिच्यातून पुढे धुराड्याकडे जाणाऱ्या बारीक नळ्या, या सर्वांभोवती पाणी, आणि सगळे सांधे चांदीच्या डाखाने कायमचे बंद. साध्या कथलाच्या डाखावर येथे भिस्त ठेवता येत नाही, कारण तो दोनशे अंशांच्या आसपासच वितळतो, तर चांदीच्या डाखाला सहाशेच्या वर जावे लागते. एखाद्या कसबी तांबटाला हे काम पाहून आपलेपणा वाटेल. फक्त त्याच्या बंबाला जे कधीच सोसावे लागले नाही ते या भांड्याला रोज सोसायचे असते.

ते काय असते, हे आकड्यांत पाहणे बरे. पाच इंची रुळांवर धावणाऱ्या इंजिनाच्या बाष्पकात पाच लिटर पाणी आहे आणि दाब साडेपाच बार, म्हणजे वातावरणाच्या दाबाहून सुमारे साडेपाच पट अधिक आहे, असे धरले, तर आतले पाणी १६० अंश सेल्सिअसच्या थोडे वर असते. उघड्यावर पाणी शंभर अंशांपलीकडे पाणी म्हणून राहूच शकत नाही; म्हणून भांडे अचानक फाटले तर त्या पाण्याचा सुमारे नववा हिस्सा त्या क्षणी वाफ होतो आणि ८०० लिटरांहून अधिक जागा मागतो. आता हेच भांडे थंड पाण्याने काठोकाठ भरून हातपंपाने अकरा बारपर्यंत दाबले, तर पाणी जवळजवळ दबतच नसल्यामुळे आत जेमतेम अडीच मिलिलिटर, म्हणजे अर्धा चमचा, जास्तीचे पाणी शिरते; सांधा उसवला तर तेवढेच थेंब बाहेर येतात आणि काटा शून्यावर बसतो. दुप्पट दाब आणि तरीही निर्धोक: जलदाब-चाचणीची सारी युक्ती या विरोधाभासात आहे.

ब्रिटनमधल्या संहितेनुसार नव्या बाष्पकाची पहिली जलदाब-चाचणी कामाच्या दाबाच्या दुप्पट दाबाने आणि पुढच्या चाचण्या दीडपटीने घेतल्या जातात. शिवाय साधारण दरवर्षी वाफेवरची चाचणी होते, जिच्यात विस्तव पूर्ण फुलवून वाफेचा वापर बंद ठेवला जातो आणि सुरक्षा-झडपेने एकटीने दाब आवरून धरावा, तो ठरलेल्या मर्यादेवर दहा टक्क्यांहून अधिक चढू देऊ नये, अशी अपेक्षा असते. बाष्पकाचे आकारमान आणि दाब यांचा गुणाकार, ज्याला बार-लिटर म्हणतात, तो तीनहून कमी असेल तर नियम सैल असतात; अकराशेच्या वर गेला तर ते काम मंडळाच्या निरीक्षकाचे राहत नाही. ऑस्ट्रेलियात याच धर्तीवर तांब्याच्या, पोलादाच्या आणि अतिलहान बाष्पकांसाठी वेगवेगळ्या संहिता आहेत. तिथे काय किंवा ब्रिटनमध्ये काय, निरीक्षक हा मंडळाने नेमलेला, बिनपगारी, बहुधा स्वतःही इंजिने घडवणारा सभासद असतो, आणि त्याच्यावरचा एक निर्बंध विशेष लक्षणीय आहे: स्वतः बनवलेल्या बाष्पकाला त्याने स्वतः प्रमाणपत्र द्यायचे नाही.

हा निर्बंध का असावा, याचे सर्वांत नेमके उत्तर भारतीय दर्शनांतल्या प्रामाण्यवादात सापडते. प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन, आणि प्रामाण्य म्हणजे त्या ज्ञानाचा खरेपणा. मीमांसकांचे, म्हणजे मीमांसादर्शनाच्या अनुयायांचे, म्हणणे असे की ज्ञान उपजते तेच खरेपणा घेऊन उपजते. ते खोटे ठरवायला बाहेरून काही कारण लागते, खरे ठरवायला लागत नाही. याला स्वतःप्रामाण्य म्हणतात. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, याच्या उलट म्हणतात की एखादे ज्ञान खरे आहे हे त्या ज्ञानावरूनच कळत नाही, त्यासाठी दुसरा आधार लागतो. दुरून दिसलेले पाणी खरे की मृगजळ हे तिथे जाऊन ओंजळ भरल्यावर ठरते. हे परतःप्रामाण्य होय. आपल्या हाताने सहा महिने खपून घडवलेल्या बाष्पकाकडे पाहणारा कारागीर स्वभावतः मीमांसक असतो. प्रत्येक सांधा त्याने स्वतः पाहिलेला असतो, डाख पाझरत जाताना त्याची चमकणारी कड त्याच्या डोळ्यांसमोर असते, आणि शंका घ्यायला कारण काय, असे त्याला मनापासून वाटते. संहिता त्याला नैयायिक व्हायला लावते, किंवा निदान एका नैयायिकाला दारात उभे राहू द्यायला लावते.

परंतु मीमांसेची बाजू इतक्या स्वस्तात निकालात काढणे अन्यायाचे होईल, कारण ज्ञान कशाने बाधित होते हे सांगताना मीमांसक कुमारिल भट्टांच्या परंपरेने दोन गोष्टी काळजीपूर्वक नोंदल्या आहेत. एक, विरुद्ध ज्ञान उत्पन्न होणे. दुसरी, ज्या कारणातून ज्ञान आले त्या कारणातच दोष असल्याचे कळणे, ज्याला कारणदोष म्हणतात. कावीळ झालेल्याला शंख पिवळा दिसतो तेव्हा दोष शंखात नसतो. दाबमापकाचा काटा साठावर असताना आतला दाब नव्वद असेल तर तो याच जातीचा दोष आहे, आणि म्हणूनच निरीक्षक येताना स्वतःचा पडताळलेला दाबमापक बरोबर आणतो व मालकाच्या मापकाशी ताडून पाहतो. वेदाच्या बाबतीत मीमांसकांनी कारणदोषाची शक्यता मुळातच खोडून काढली होती: वेद अपौरुषेय, त्याला कर्ता नाही, आणि कर्ता नाही म्हणून कर्त्याचा अज्ञान, लोभ, निष्काळजीपणा यांसारखा दोषही नाही. बाष्पक मात्र पुरते पौरुषेय आहे. त्याला कर्ता आहे, तो कर्ता शनिवारी रात्री दमलेला असतो, एखाद्या सांध्याला पुरेशी आच लागली नाही हे त्याला थोडेसे जाणवलेले असते आणि पुन्हा सगळे भांडे लालबुंद तापवण्याचा त्याला कंटाळा आलेला असतो. शिवाय त्याचे आपल्या कृतीवर प्रेम असते, आणि ज्ञानाच्या दृष्टीने पाहिले तर प्रेम हाही एक कारणदोषच आहे.

येथे ‘आप्त’ या शब्दाकडे वळावे लागते. न्यायदर्शनात शब्द, म्हणजे दुसऱ्याचे सांगणे, हे स्वतंत्र प्रमाण मानले आहे, पण ते सांगणे आप्ताचे असावे लागते. आणि आप्त कोण, तर ज्याने विषय साक्षात जाणला आहे आणि जो तो जसा आहे तसा सांगू इच्छितो. वात्स्यायनांनी न्यायसूत्रांवरच्या आपल्या भाष्यात पुढे असेही म्हटले आहे की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते, म्हणजे आप्तपणा जन्मावर किंवा पदावर अवलंबून नाही. बिनपगारी, पदवी नसलेल्या सभासद-निरीक्षकाला हे वर्णन चपखल बसते. मराठीत मात्र हाच शब्द नात्यागोत्याच्या माणसांकडे सरकला; लग्नपत्रिकेतले आप्तेष्ट हे विश्वासार्ह साक्षीदार म्हणून नव्हे, आपली माणसे म्हणून बोलावलेले असतात. छोट्या मंडळातला निरीक्षक या दोन्ही अर्थांनी आप्त असतो, आणि खरी अडचण तिथेच आहे. ज्याच्याबरोबर वीस वर्षे रविवारचा चहा घेतला, ज्याच्या आजारपणात त्याचे इंजिन आपण पुसून ठेवले, त्याच्या बाष्पकावर ‘अनुत्तीर्ण’ असा शेरा लिहायला जे बळ लागते ते दाबाच्या कोष्टकातून येत नाही. सरकारी निरीक्षकाला ही अडचण नसते. पण त्याला बहुधा हेही ठाऊक नसते की त्या विशिष्ट कारागिराचा हात अग्निपेटीच्या कोणत्या कोपऱ्यात घाई करतो. मंडळांच्या पद्धतीवर पक्षपाताचा आक्षेप घेणाऱ्यांनी ही दुसरी बाजू जमेस धरलेली दिसत नाही. आपल्या माणसाची जवळीक ज्ञान वाढवते आणि धैर्य कमी करते. संहितेतले दुप्पट, दीडपट, दहा टक्के असे रोखठोक आकडे बऱ्याच अंशी या दुसऱ्या गोष्टीवरचा उतारा आहेत, कारण निर्णय आकड्याचा झाला की मैत्रीला त्यात फारसे बोलता येत नाही.

तपासणारा विश्वासू कशावरून, त्याचा दाबमापक बरोबर कशावरून, तो ज्याच्याशी ताडला ते साधन तरी बरोबर कशावरून, असे विचारत गेले तर प्रश्नाला अंत राहत नाही. या दोषाला तर्कशास्त्रात अनवस्था म्हणतात. परतःप्रामाण्यवाद्यांवर मीमांसकांनी हाच आरोप केला होता आणि स्वतःच्या बाजूने कुमारिलांनी असे सुचवले की तीनचार ज्ञानांच्या पलीकडे जाण्याची गरज पडत नाही. प्रत्यक्ष व्यवहारात मंडळाचा मापक, तो ज्याच्याशी ताडतात तो प्रमाण-मापक, आणि त्याच्याही मागे ज्ञात वजने ठेवून दाब निर्माण करणारे यंत्र, अशा तीन पायऱ्यांवर साखळी थांबते. हा योगायोग फार ताणण्यात अर्थ नाही, पण तो मजेशीर खराच.

नैयायिकांच्या कसोटीलाही छोट्या बाष्पकाने एक जागा उघडी पाडून दाखवली आहे. त्यांच्या मते ज्ञानाचा खरेपणा प्रवृत्तिसामर्थ्याने, म्हणजे त्या ज्ञानानुसार केलेली कृती सफल झाल्याने, कळतो. पाण्याच्या बाबतीत हे पुरे आहे, कारण तहान भागली की विषय संपला. ‘हे बाष्पक वीस वर्षे चालते आहे, त्याअर्थी ते सुरक्षित आहे’ हे अनुमान मात्र याच वळणाचे असूनही फसवे आहे. वीस वर्षांत पत्रा आतून झिजत गेला असेल तर सफल कृतींची संख्या जसजशी वाढते तसतशी शेवटच्या कृतीची सफलता दुबळी होत जाते, आणि हे बाहेरून दिसत नाही. जलदाब-चाचणी कामाच्या दाबालाच न थांबता त्याच्या दीडपटीला का जाते, याचे कारण येथे आहे. बाष्पक आज काम करते का, हे तिला विचारायचेच नसते. काम करूनही हाताशी किती उरते, हे तिला पाहायचे असते.

अनुमानात आणखी एक खाच असते, तिला उपाधी म्हणतात. जिथे अग्नी तिथे धूर, असे म्हणता येत नाही, कारण धुरासाठी ओले इंधन ही वेगळी अट लागते. ती अट नजरेआड झाली की अनुमान बिघडते. ‘चाचणीत टिकले, म्हणून चालवताना टिकेल’ या अनुमानातली उपाधी म्हणजे अग्निपेटीच्या छतावरचे पाणी. चाचणी भांडे पूर्ण भरून, थंड अवस्थेत होते. चालवताना पाण्याची पातळी छताच्या खाली गेली तर विस्तवाकडून तापणाऱ्या पत्र्याला मागून गारवा देणारे काही उरत नाही, धातू मऊ पडतो, आणि कालच्या प्रमाणपत्रातल्या कोणत्याही आकड्याचा आजच्या त्या पत्र्याशी संबंध राहत नाही. घरोघरच्या प्रेशर कुकरमध्येही हेच जाणून झाकणावर एक वितळणारी सुरक्षा-झडप बसवलेली असते, जी आतले पाणी आटून झाकण भलतेच तापले की स्वतः वितळून वाफेला वाट देते. बाष्पकातला शिशाचा वितळखिळा तिचाच पूर्वज आहे.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मेडिना येथील जत्रेच्या मैदानावर २९ जुलै २००१ रोजी जे घडले त्यात या दोन्ही खाचा एकत्र आल्या. तिथे फुटलेले बाष्पक छोटे नव्हते, शेतीच्या जुन्या वाफइंजिनाचे पूर्ण आकाराचे होते. पण ते हौसेने जपलेले आणि हौसेने चालवलेले होते, म्हणून ते या विचाराच्या कक्षेत येते. अग्निपेटीच्या छतावर पुरेसे पाणी नव्हते, तो पत्रा गंजून पातळ झाला होता, त्याला धरून ठेवणाऱ्या आधार-खिळ्यांची पकड कमी झाली होती. पाच माणसे मृत्यू पावली आणि कित्येक जखमी झाली. अशा ऐतिहासिक बाष्पकांची तपासणी आणि चालकाचा परवाना त्या राज्यात कायद्याने आवश्यक झाला तो या घटनेनंतर.

इंग्लिश गणितज्ञ व तत्त्वचिंतक विल्यम किंग्डन क्लिफर्ड यांनी १८७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘विश्वासाची नीती’ या अर्थाच्या निबंधात एका जहाजमालकाचे उदाहरण घेतले आहे. जहाज जुने असते, दुरुस्तीला आलेले असते, मालकाच्या मनात शंका येते. पण इतक्या सफरी त्याने पार पाडल्या, देशांतराला निघालेल्या एवढ्या कुटुंबांना ईश्वर सांभाळेलच, असे म्हणत तो ती शंका गिळतो आणि खरोखरच निःशंक होतो. जहाज बुडते. क्लिफर्ड यांचा बोचरा मुद्दा पुढे आहे: जहाज बुडाले नसते तरीही मालक तेवढाच दोषी होता, कारण त्याच्या समोरच्या पुराव्यावर तो विश्वास बाळगण्याचा त्याला अधिकारच नव्हता. हा रोख उघडच धार्मिक श्रद्धेवर होता आणि श्रद्धेच्या बाबतीत तो सरसकट मान्य करणे कठीण आहे, कारण श्रद्धेचा भार बहुतेक वेळा श्रद्धावानावरच पडतो. इंजिनामागच्या डब्यांत मुले बसलेली असतात तेव्हा मात्र तो जसाच्या तसा लागू पडतो. नैयायिक उदयनाचार्यांनी शंकेला एक मर्यादा घातली होती: जी शंका घेतल्यास माणसाची स्वतःची कृतीच विसंगत ठरेल ती शंका घेता येत नाही, भूक भागेल या खात्रीने जेवणारा माणूस अन्नाविषयी संशय बोलून दाखवू शकत नाही. मुलांना मागे बसवणारा मालक कृतीने निःशंकच आहे. उदयनांच्या मर्यादेने त्याची शंका खरी नव्हती एवढे सिद्ध होते. ती शंका असायला हवी होती का, या क्लिफर्ड यांच्या प्रश्नाला ही मर्यादा शिवतही नाही, आणि प्रस्तुत विषयात अधिक वजन याच दुसऱ्या प्रश्नाला द्यावे लागते.

मग जो माणूस एकट्याने, आपल्या आवारात, कोणी जवळ नसताना इंजिन चालवतो त्याचे काय? इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ च्या ‘ऑन लिबर्टी’त धोकादायक पुलाचे उदाहरण दिले आहे: पूल पडणार हे ठाऊक नसलेल्या माणसाला सावध करायला वेळच नसेल तर धरून मागे ओढावे, पण अपघात केवळ संभाव्य असेल तर सांगावे आणि त्याचा निर्णय त्याच्यावर सोडावा. छोट्या बाष्पकांचे नियम बहुतांशी याच रेषेवर उभे आहेत. मंडळाच्या रुळांवर आणि लोकांसमोर प्रमाणपत्राशिवाय विस्तव पेटवता येत नाही, विमाही त्यावाचून लागू होत नाही, आणि खाजगी आवारात हा धाक पुष्कळ सैल होतो. फक्त मिल यांचा माणूस पुलाविषयी अजाण आहे आणि सांगितले की जाणता होतो. बाष्पकाचा मालक सांगूनही जाणता होत नाही, कारण आतला पत्रा कोणालाच दिसत नाही; त्याला जाणते करण्याचा एकच मार्ग म्हणजे चाचणी, आणि म्हणून येथे सावध करणे आणि सक्ती करणे यांतली रेघ पुसट होते.

भारतीय कायद्याने ही रेघ आकारमानावर ओढली आहे. कलकत्त्यात १८६३ मध्ये झालेल्या स्फोटानंतर बंगालमध्ये १८६४ साली बाष्पक-तपासणीचा कायदा झाला, पुढे सबंध देशासाठी १९२३ चा अधिनियम आला आणि आता त्याची जागा २०२५ च्या अधिनियमाने घेतली आहे. पण २५ लिटरांहून कमी क्षमतेचे भांडे कायद्यातल्या बाष्पकाच्या व्याख्येबाहेरच राहते, आणि छंदासाठी बनणारी बहुतेक बाष्पके त्याहून लहान असतात. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्याच्या बाष्पकाला बाष्पके संचालनालयाच्या निरीक्षकापुढे उभे राहावे लागते. पाच लिटरांच्या तांब्याच्या भांड्यापुढे फक्त त्याचा कर्ता उभा असतो. जत्रेत मिळणारी मेणबत्तीवर फटफटणारी पत्र्याची बोट या वादात येत नाही, तिच्या दोन्ही नळ्या पाण्यात उघड्या असल्यामुळे तिच्यात दाब कोंडून राहतच नाही. परंतु ज्याने नळीचे तोंड बंद केले, त्याच्यावर कायद्याचे लक्ष नाही म्हणून आप्ताची गरज संपत नाही. उलट त्याला तो स्वतः शोधावा लागतो, आणि मंडळांची परंपरा नसलेल्या ठिकाणी हे काम अवघड आहे.

प्रमाणपत्रावर बाष्पकाचा क्रमांक असतो, कामाचा दाब असतो, चाचणीचा दाब, तारीख आणि मुदत असते, खाली सही असते. पाण्याच्या पातळीचा रकाना त्यावर नसतो, कारण तिची हमी चाचणीच्या दिवशी कोणीच देऊ शकत नाही. ती रोज पाणीकाचेत, म्हणजे पातळी दाखवणाऱ्या उभ्या काचनळीत, पाहावी लागते. आणि तिथेही नळीचे भोक क्षाराने बुजले असेल तर काचेत अडकून राहिलेले पाणी भांडे भरलेले असल्याचा खोटा निर्वाळा देते. म्हणून जाणता चालक वाफ धरल्यावर, गाडी हलवण्याआधी काचेखालची तोटी उघडतो, पाणी फुस्सकन निघून काच रिकामी होऊ देतो, तोटी बंद करतो आणि पाणी पुन्हा उसळून आपल्या जागी येते का, आणि किती चटकन येते, हे पाहत थांबतो.